लिहिणारा एक, मोजणारा दुसरा

भारताला ‘जगाचे औषधालय’ म्हणण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, या विषयावरचे कोणतेही सरकारी भाषण त्या शब्दांवाचून पुरे होत नाही. या गौरवात खोटे काही नाही. आफ्रिकेतील एड्सग्रस्ताला मिळणारी गोळी, गरीब देशांतील बालकांना टोचली जाणारी लस आणि थेट अमेरिकेतील दुकानांत विकली जाणारी पेटंटमुक्त औषधे यांचा फार मोठा भाग भारतीय कारखान्यांतून जातो. परंतु ज्या देशातून ही औषधे जगभर जातात, त्याच देशात घरातील कर्त्या माणसाला कर्करोग झाला किंवा मूत्रपिंडाने दगा दिला की शेत गहाण पडते, मुलीचे शिक्षण थांबते आणि सावकाराचा उंबरा झिजवावा लागतो. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये सुमारे ६४ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये सुमारे ३९ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही सुधारणा मान्य केली तरी शंभरातले चाळीस रुपये आजही आजारी माणसालाच, आणि तेही आजारपणातच, मोजावे लागतात. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत तर या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा औषधांचाच असतो.

औषध कारखान्यात स्वस्त तयार होते आणि रुग्णाच्या हाती महाग पडते, हे कोडे उलगडल्याखेरीज कोणत्याही औषधविषयक धोरणाला अर्थ नाही. ते उलगडण्यासाठी औषधाचा बाजार हा इतर बाजारांहून मुळातच वेगळा आहे, ही गोष्ट प्रथम नीट ध्यानात घ्यावयास हवी. भाजी घेणारा चार गाड्यांवर भाव करतो. कापड घेणारा पोत चाचपून पाहतो. न परवडल्यास दोघेही रिकाम्या हाताने परत फिरू शकतात. औषधाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. औषध निवडतो डॉक्टर, ते देतो दुकानदार आणि पैसे मोजतो रुग्ण. चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे त्याला कळत नाही, त्याऐवजी दुसरे काय चालेल हे त्याला ठाऊक नसते आणि ‘आज नको, पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणण्याचीही त्याला सोय नसते. लिहिणारा एक आणि मोजणारा दुसरा, अशा या बाजारात स्पर्धेने भाव खाली येतील ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे. येथे कंपन्यांची स्पर्धा असते ती रुग्णाला स्वस्त देण्याची नव्हे, तर डॉक्टरच्या लेखणीतून आपलेच नाव उतरविण्याची. म्हणूनच एकाच औषधाची सर्वाधिक खपणारी गोळी ही पुष्कळदा सर्वाधिक महाग गोळ्यांपैकी एक असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला हे विपरीत वाटेल. औषधांच्या दुकानदाराला मुळीच वाटणार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतील राज्यकर्त्यांना आणि शास्त्रज्ञांना याची जाण होती, असे म्हणावे लागेल. त्या काळी भारतात १९११ चा ब्रिटिश अमदानीतील पेटंट कायदा लागू होता. औषधांची बहुतेक पेटंटे परकीयांची होती आणि त्यांतील बहुतेकांच्या आधारे या देशात उत्पादन मात्र होतच नव्हते. पेटंटाचा उपयोग येथे कारखाना काढण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या कोणी तो काढू नये यासाठी केला जात होता. १९५९ च्या सुमारास अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी आरंभिली, तेव्हा जगात ज्या देशांत औषधे सर्वांत महाग विकली जातात त्यांत भारताची गणना होते, असे तिला आढळून आले. जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक आणि औषधांचे दर मात्र श्रीमंतांचे, अशी ती अवस्था होती.

तिच्यावर दोन बाजूंनी उपाय झाला. एक उपाय म्हणजे सरकारने स्वतः औषधे तयार करणे. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाच्या मदतीने ‘आयडीपीएल’ची उभारणी सुरू झाली. या कारखान्यांनी केवळ औषधे केली नाहीत. त्यांनी तंत्रज्ञ घडविले आणि पुढे हैदराबाद परिसरात जो खासगी औषधउद्योग बहरला त्याचे बी तेथेच पेरले गेले. दुसरा उपाय कायद्याचा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि तो १९७२ मध्ये अमलात आला. औषधासारख्या वस्तूवर पेटंट नाही. ती तयार करण्याच्या पद्धतीवर तेवढे, आणि तेही फार तर सात वर्षांचे, हे त्याचे सूत्र होते. तीच गोळी निराळ्या रीतीने तयार करण्यास भारतीय रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले. आज ज्या ‘जगाच्या औषधालया’चा आपण अभिमान बाळगतो, त्याचा पाया या कायद्याने घातला. तो खुल्या बाजाराच्या कृपेने घातला गेला नाही, हे आजच्या धोरणकर्त्यांना वारंवार सांगावे लागते.

परंतु उत्पादन वाढणे आणि औषध रुग्णापर्यंत पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही फार लवकर दिसून आले. १९७४ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७५ मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने आजही वाचण्यासारखा आहे. या समितीने ११७ औषधांची अत्यावश्यक सूची तयार केली; जागतिक आरोग्य संघटनेची अशी पहिली सूची त्यानंतर, म्हणजे १९७७ मध्ये आली. औषधे व्यापारी नावांनी न विकता टप्प्याटप्प्याने मूळ नावांनी विकली जावीत, अशी तिची शिफारस होती. लिहिणारा आणि मोजणारा यांच्यातील दरी व्यापारी नावांमुळे रुंदावते, हे तिने नेमके हेरले होते. ही शिफारस ज्यांना गैरसोयीची होती त्यांनी ती कधीच मार्गी लागू दिली नाही. मात्र अहवालानंतर १९७८ चे औषधधोरण आणि १९७९ चा किंमत नियंत्रण आदेश आला आणि ३४७ मूळ औषधांच्या किमती सरकारच्या नियंत्रणाखाली आल्या.

पुढचा इतिहास हा या नियंत्रणाच्या ओहोटीचा आहे. १९८७ च्या आदेशात ३४७ ची संख्या सुमारे १४० वर आली. १९९५ च्या आदेशात ती ७५ च्या आसपास राहिली. २००२ च्या धोरणाने ती आणखी घटविण्याचा घाट घातला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि अत्यावश्यक व जीवरक्षक औषधे किंमत नियंत्रणातून सुटू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २००३ मध्ये सरकारला बजावावे लागले. ‘ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क’सारख्या संघटनांनी ही लढाई वर्षानुवर्षे चिकाटीने लढविली. तिचे फळ म्हणून २०१३ चा आदेश आला. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतील सर्व औषधे नियंत्रणाखाली आली. २०२२ च्या सूचीत अशी ३८४ औषधे आहेत. वरवर पाहता हा विजयच होता. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे काढून घ्यावे, याचाही हा आदेश म्हणजे एक नमुना होय.

पूर्वीच्या आदेशांत औषध तयार करण्यास येणारा खर्च हा किमतीचा पाया होता. कारखान्यातील खर्चावर, १९९५ च्या सूत्राप्रमाणे, शंभर टक्क्यांपर्यंत वाढ धरून कमाल किंमत ठरे. २०१३ मध्ये हा पायाच काढून टाकण्यात आला. एखाद्या औषधाच्या बाजारात एक टक्का वा अधिक हिस्सा असलेल्या सर्व ब्रँडांची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यावयाची, तिची सरासरी काढावयाची आणि तीवर दुकानदाराचा १६ टक्के नफा चढवावयाचा, असे नवे सूत्र आले. त्याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक गोळी तयार करण्यास एक रुपया लागतो आणि तिचे चार ब्रँड दुकानदाराला आठ, दहा, बारा आणि चौदा रुपयांना पडतात. सरासरी झाली अकरा रुपये. तीवर सोळा टक्के धरून कमाल किंमत ठरली बारा रुपये शहात्तर पैसे. जुन्या सूत्राने तीच किंमत दोन रुपयांच्या आसपास राहिली असती. नव्या सूत्रात सर्वांत महाग विकणाऱ्याला थोडे खाली यावे लागते. परंतु एका रुपयाच्या गोळीचे अकरा रुपये का झाले, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. ज्या बाजाराने रुग्णाला नाडले त्याच बाजाराच्या सरासरीला न्याय्य भाव मानणे, म्हणजे चोरट्या वजनांची सरासरी काढून तिला प्रमाण वजन ठरविण्यासारखे आहे. या सूत्राच्या तर्कशुद्धतेविषयी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शंका प्रकट केली होती. पण सूत्र तसेच राहिले. त्यावर घाऊक किमतींच्या निर्देशांकानुसार दर वर्षी वाढ मिळते ती वेगळीच: २०२२ मध्ये ती पावणेअकरा टक्के होती, २०२३ मध्ये बारा टक्क्यांहून अधिक. सूचीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत किंमत वाढविण्याची मुभा आहे. आणि सूचीतील औषधात दुसरे एखादे औषध मिसळून नवे मिश्रण बाजारात आणले, तर सूचीतील औषधाची कमाल किंमत त्याला लागू होत नाही. अशा शेकडो अशास्त्रीय मिश्रणांवर सरकारला २०१६, २०१८ आणि २०२४ मध्ये बंदी घालावी लागली, यावरून या पळवाटेची रुंदी समजते.

औषधउद्योगाची बाजू येथे ऐकून घेतली पाहिजे. किमती फार दाबल्या तर औषधे बाजारातून नाहीशी होतील, असे उद्योग म्हणतो आणि ते सर्वस्वी खोटे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला आठ जुन्या व स्वस्त औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण त्या भावात ती करणे परवडेनासे झाले होते. त्यांत बेंझिल पेनिसिलिनचे इंजेक्शनही होते. पेनिसिलिनची कथा तर फारच बोलकी आहे. पिंपरीत १९५५ मध्ये जे औषध आपण करू लागलो, त्याच्या मूळ द्रव्यासाठी पुढे आपण जवळजवळ पूर्णपणे चीनवर अवलंबून राहिलो. सरकारी कारखाने आजारी पडू दिले गेले. ‘आयडीपीएल’ बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. मग २०२० मध्ये मूळ द्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आखावी लागली आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे पेनिसिलिन-जी पुन्हा तयार होऊ लागले. जे आपल्या हाती होते ते घालवून, तेच पुन्हा मिळविण्यासाठी आता तिजोरी मोकळी करावी लागत आहे. पण या साऱ्याचा निष्कर्ष उद्योगाला सोयीचा असा निघत नाही. भाव खर्चाशी बांधलेला असेल तर खर्च वाढताच तो वाढविता येतो आणि नफेखोरी असेल तेथे उतरविता येतो. बाजाराच्या सरासरीला यातले काहीच समजत नाही. म्हणून किमतीचा पाया खर्च हाच असला पाहिजे, हेच या अनुभवातून सिद्ध होते.

नव्या औषधांचा प्रश्न याहून कठीण आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधांवर, केवळ त्यांच्या कृतीवर नव्हे, पेटंट देणे भाग पडले. परंतु त्या वेळी संसदेने कायद्यात ‘तीन-ड’ हे कलम घातले: ज्ञात औषधाचे नवे रूप पुढे केल्याने पेटंट मिळणार नाही; त्याने उपचाराचा गुण वाढतो हे दाखवावे लागेल. या कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाचा पेटंटदावा फेटाळला. या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आत मिळत होते. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला होता. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ‘नेक्सावर’ या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. परवाना मिळालेल्या ‘नॅटको’ कंपनीला ते ८,८८० रुपयांपेक्षा अधिक किमतीस विकता येणार नव्हते, आणि पेटंटधारकाला स्वामित्वशुल्कही द्यावयाचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. २०२३ च्या मार्चमध्ये क्षयरोगावरील ‘बेडाक्विलिन’चे पेटंट लांबविण्याचा अर्ज फेटाळला गेला, तो नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या, क्षयाच्या जुन्या औषधांपायी श्रवणशक्ती गमावलेल्या, दोन स्त्रियांनी घेतलेल्या हरकतीमुळे. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्नायू क्षीण करणाऱ्या एका दुर्धर अनुवंशिक रोगावरील ‘रिसडिप्लाम’ या औषधाच्या वादात न्यायालयांनी भारतीय कंपनीला रोखण्यास नकार दिला, तेव्हा सहा लाखांहून अधिक किमतीची बाटली १५,९०० रुपयांवर आली.

सहा लाख आणि सोळा हजार! या दोन आकड्यांमधील अंतर संशोधनाच्या खर्चाने भरून निघते, असे सांगितले जाते. संशोधनाला मोल आहे आणि ते द्यावयासही हवे. परंतु ते मोल रुग्ण किती हतबल आहे त्यावरून ठरू शकत नाही. तथापि आपल्या हातातील ही शस्त्रे आपणच बोथट करीत आहोत, ही काळजीची बाब आहे. २०१२ नंतर सक्तीचा एकही परवाना दिला गेलेला नाही. २०२४ च्या नियमदुरुस्तीने पेटंटपूर्व हरकत घेण्याची वाट अरुंद केली. पेटंटाचा वापर देशात कसा होतो याचे विवरण दर वर्षाऐवजी तीन वर्षांतून एकदा देण्याची सवलत दिली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापारकरारात तर, औषधे उपलब्ध करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पेटंटधारकाची राजीखुशी, असे आपण लिहून दिले आहे. ज्या परवान्याच्या नुसत्या भीतीने कंपन्या भाव उतरवितात, तो परवाना आपण वापरणार नाही असे आधीच सांगून टाकण्यात कोणती मुत्सद्देगिरी आहे, हे सरकारने एकदा लोकांना समजावून द्यावे.

आता पुन्हा डॉक्टरच्या लेखणीकडे वळू. मूळ नावाने औषध लिहावे, हा नियम वैद्यकाच्या आचारसंहितेत २००२ पासून आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो सक्तीचा केला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटवस्तूंवरील खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. पण औषधविक्रीच्या रीतीभातींसाठी २०२४ मध्ये सरकारने जी संहिता आणली तिची अंमलबजावणी उद्योगाच्याच संघटनांवर सोपविली. आरोपीलाच न्यायासनावर बसविण्याचा हा प्रकार आहे. हे सारे खरे असले, तरी डॉक्टरांचा एक आक्षेप असा आहे की, त्याला उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मूळ नावाने लिहिले, तर दुकानदार कोणत्या कारखान्याचे औषध देईल आणि ते खरे असेल याची हमी कोण देणार, असे ते विचारतात.

हा प्रश्न महाराष्ट्राने तरी हसण्यावारी नेऊ नये. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतची किडलेली साखळी उघडी पाडली. त्या द्रव्याचे नाव होते डायएथिलीन ग्लायकॉल. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे बळी घेतले. त्यांतील काहींना उपचारांसाठी नागपुरास आणले होते. त्या औषधातही हेच द्रव्य निघाले, तेही सुमारे ४८ टक्के. त्याआधी २०२२ मध्ये गाम्बियातील बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने एका भारतीय कंपनीच्या सिरपाविषयी इशारा दिला होता, तोही याच द्रव्यासाठी. चाळीस वर्षांत विषाचे नावसुद्धा बदलले नाही. तपासणी करणारी यंत्रणा एवढी दुबळी असताना ‘स्वस्त ते हलके’ या लोकांच्या समजुतीला केवळ अज्ञान म्हणता येत नाही, आणि महागड्या ब्रँडांचा सारा डोलारा या भीतीवरच उभा आहे. वास्तविक महाग नाव ही शुद्धतेची हमी नव्हे. नामांकित भारतीय कंपन्यांनाही अमेरिकेत भेसळीच्या गुन्ह्यांबद्दल दंड भरावे लागले आहेत. हमी मिळते ती प्रत्येक घाणा तपासून पाहिल्याने आणि दोषी कारखान्याला टाळे ठोकल्याने. म्हणून औषधनिरीक्षकांची आणि प्रयोगशाळांची संख्या हा केवळ कायदा-सुव्यवस्थेचा विषय नाही. औषध स्वस्त होण्याची ती पहिली अट आहे.

मग ही तपासणी आणि ही निवड गरिबाच्या वतीने कोणी करावयाची? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. मोजक्या अत्यावश्यक औषधांची यादी, मूळ नावाने खुली निविदा, आलेल्या मालाची प्रयोगशाळेतून तपासणी झाल्यावरच वाटप, जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नावाने खातेपुस्तिका, अशी ही साधी रचना आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधयोजना सुरू केली ती याच धर्तीवर. दुकानात दहा रुपयांना विकली जाणारी गोळी अशा खरेदीत काही पैशांना मिळते, याचा या राज्यांनी पुनःपुन्हा पडताळा दिला आहे. यात जादू काही नाही. येथे निवडणारा आणि पैसे देणारा एकच असतो, त्याला औषधाची पारख असते आणि तो कोट्यवधी गोळ्या एकदम घेत असतो, एवढेच.

महाराष्ट्राने या बाबतीत धरसोडीपलीकडे काय केले? हाफकिनसारखी थोर परंपरा असलेली संस्था मुंबईत असताना, २०१७ मध्ये सर्व खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. परंतु त्यासाठी लागणारी माणसे आणि यंत्रणा तिला मिळाली नाही आणि मागणी व पुरवठा यांचा मेळ काही बसला नाही. मग २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनापासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. आणि त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावल्याची वार्ता आली. औषधटंचाईचा आरोप सरकारने नाकारला, तरी उच्च न्यायालयाला स्वतःहून या प्रकरणाची दखल घ्यावी लागली. केसपेपर फुकट आणि औषध बाहेरून आणा, अशी चिठ्ठी ज्या रुग्णालयात मिळते त्याला मोफत म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. केंद्राच्या जनऔषधी दुकानांची संख्या २०२५ च्या आरंभी पंधरा हजारांवर गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितो आणि लिहिलेल्याऐवजी दुसरे देण्यास दुकानदाराला नियमाने बंदी आहे. अशा स्थितीत ते दुकान पुष्कळदा असून नसल्यासारखेच ठरते.

तेव्हा करावयाचे काय, हे पुरेसे स्पष्ट आहे. अत्यावश्यक औषधांच्या किमती पुन्हा उत्पादनखर्चाशी बांधाव्यात आणि तो खर्च दर काही वर्षांनी तपासावा. मूळ नावाने लिहिण्याची सक्ती आणि घाणा-घाणा तपासणारी यंत्रणा या दोन गोष्टी एकदम याव्यात. एकीशिवाय दुसरी लुळी आहे. ‘तीन-ड’ कलम आणि सक्तीचा परवाना यांना कोणत्याही व्यापारकराराने धक्का लावू नये. आणि प्रत्येक राज्याने, महाराष्ट्राने तर सर्वांआधी, स्वायत्त, पारदर्शक आणि पुरेसा पैसा दिलेली खरेदीयंत्रणा उभारून निदान अत्यावश्यक सूचीतील औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत खंड न पडता विनामूल्य द्यावीत.

यांपैकी एकही कल्पना नवी नाही. अर्धशतकापूर्वीच्या हाथी समितीच्या अहवालात त्यांतील बऱ्याचशा सापडतील. नवे काही लागत असेल, तर ते राजकीय बळ. आजारी माणूस संघटित नसतो. तो मोर्चा काढीत नाही, निवडणूक-निधी देत नाही आणि बरा झाला की आपले दुःख विसरून कामाला लागतो. त्याच्या वतीने भाव करणारा कोणी असेल, तर ते त्याचे सरकारच. महाराष्ट्राचे खरेदी प्राधिकरण ते काम करते की नाही, याची परीक्षा विधिमंडळातील भाषणांवरून व्हावयाची नाही. गडचिरोली वा नंदुरबारच्या आरोग्य केंद्रातील कपाटात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रक्तदाबाची गोळी शिल्लक असते का, हे पाहिले की पुरे.